भाव बरोबर आहे का, आणि मी विकू का?

नाशिकरोडहून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

ताई ६३ वर्षांच्या आहेत. यजमान प्रेसमध्ये नोकरीला होते, चार वर्षांपूर्वी गेले. ओडिशात लोहखनिजाच्या खाणी असलेल्या एका कंपनीचे १,४०० शेअर त्यांनी मागे ठेवले. थोडे थोडे करून घेतलेले, सरासरी ४० रुपयांना पडलेले. त्यातले १,००० डीमॅटमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक खात्यात आहेत आणि आता ताईंच्या नावावर झाले आहेत. ४०० अजून कागदी आहेत, पहिलं नाव यजमानांचं आणि दुसरं ताईंचं. आता एका पोलाद उद्योगसमूहाने कंपनीच्या मूळ मालकांचा ४५ टक्के हिस्सा घ्यायचा करार केला आहे. त्याबरोबर इतर भागधारकांकडून २६ टक्के शेअर २८५ रुपयांनी घेण्याची ओपन ऑफर जाहीर केली आहे. बाजारात शेअर २९१ च्या आसपास आहे.

पुण्यातला मुलगा म्हणतो, देऊन टाक आणि मोकळी हो. कराचीही त्याने भीती घातली आहे. यजमानांच्या प्रेसमधल्या मित्रांचा (ताई त्यांना भाऊजी म्हणतात) चाळीसेक जणांचा गट आहे, सगळ्यांचे मिळून साठेक हजार शेअर. बिटको चौकात संध्याकाळी जमून त्यांनी ठरवलं आहे की कुणीही शेअर द्यायचा नाही. तीन वर्षांपूर्वी शेअर ४०० ला गेला होता, तेवढे तरी मिळालेच पाहिजेत. मालकाला आतून जास्त पैसे मिळाले असणार, असाही त्यांचा संशय आहे. नाही विकले तर नंतर नुसता कागद उरेल, अशी भीतीही त्यांतल्या काहींना आहे. निवेदनावर ताईंची सही हवी म्हणून ते दोनदा घरी येऊन गेले. ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन या वर्षात करायचं आहे, त्याला दोन लाख लागतील. बाकीची पुंजी बँकेत आणि पोस्टात आहे.

त्या लिहितात, "हे म्हणायचे, हे शेअर विकायचे नाहीत. त्यांच्या वहीत प्रत्येक खरेदी लिहिलेली आहे. एकदाच, २००८ साली मुलीच्या अॅडमिशनसाठी ६०० विकले, तेही लिहून ठेवलंय. विकले तर ह्यांचा शब्द मोडल्यासारखं होईल, नाही विकले तर मुलगा रागावेल, सही नाही केली तर भाऊजींना तोंड कसं दाखवू? आणि एवढ्या मोठ्या व्यवहारात माझ्यासारख्या बाईच्या मताला किंमत ती काय?"

ताई,

तुमच्या शेवटच्या वाक्यापाशी मी थांबले. तुमच्या मताला किंमत आहे, पण या व्यवहाराच्या सगळ्या टप्प्यांवर सारखी नाही. एका टप्प्यावर ती जवळजवळ शून्य आहे आणि दुसऱ्या टप्प्यावर पुष्कळ. बिटको चौकातली मंडळी हे दोन टप्पे एकच समजत आहेत. त्याकडे येते, पण आधी तुमच्या पत्रातली एक गाठ सोडवू.

तुम्ही एक प्रश्न विचारला आहे असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात ते दोन आहेत. २८५ हा भाव योग्य आहे का, हा एक. तुम्ही विकावं का, हा दुसरा. भाऊजी पहिल्याचं उत्तर काढतात आणि तेच दुसऱ्याचं म्हणून तुमच्या हातात ठेवतात. मुलगा दुसऱ्याचं उत्तर देतो आणि पहिल्याकडे बघत नाही.

आपल्या जिल्ह्यात हा फरक शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. उन्हाळी कांदा निघतो तेव्हा लासलगावला आवक दाटते आणि भाव उतरतो. ज्याची कांदा साठवायची चाळ चांगली आहे आणि डोक्यावर सोसायटीचं कर्ज नाही, तो कांदा चाळीत भरतो. ज्याच्या घरी लग्न आहे, तो ट्रॅक्टर भरून मार्केटला जातो. भाव कमी आहे यावर दोघांचं एकमत असतं. तरी एक विकतो, एक थांबतो, आणि दोघेही शहाणे असू शकतात. थांबणाऱ्याला हेही ठाऊक असतं की चाळीतला कांदा वजनात घटणार, काही सडणार आणि पुढे भाव चढेलच याची हमी कुणी देत नाही.

आता भावाचं बघू. २८५ हा आकडा कुणी मनाने काढलेला नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचे २०११ चे नियम असे आहेत की एखाद्याकडे कंपनीचे २५ टक्के किंवा जास्त मताधिकार येणार असतील तर त्याने उरलेल्या भागधारकांकडून किमान २६ टक्के शेअर घेण्याची ऑफर द्यायलाच हवी. बाजारात नियमित खरेदी-विक्री होणाऱ्या शेअरला किमान भाव कोणता द्यायचा, तेही ठरलेलं आहे. मालकांशी झालेल्या करारातला भाव, त्या समूहाने आधीच्या ५२ आठवड्यांत दिलेला सरासरी भाव, आधीच्या २६ आठवड्यांत दिलेला सर्वांत जास्त भाव आणि बाजारातला ६० दिवसांचा सरासरी भाव, यांत जो सर्वांत मोठा असेल त्याच्या खाली जाता येत नाही. म्हणजे मालकाला करारात जे मिळालं, त्यापेक्षा तुम्हाला कमी देता येत नाही.

भाऊजींचा संशय मात्र हवेतला नाही. पूर्वीच्या नियमांत मालकाला "आम्ही हा धंदा पुन्हा करणार नाही" एवढ्या आश्वासनापोटी भावाच्या २५ टक्क्यांपर्यंत वेगळी रक्कम देता यायची आणि ती छोट्या भागधारकाला मिळत नसे. लोक त्याच्यावर वर्षानुवर्षं चिडले होते आणि बरोबर चिडले होते. २०११ मध्ये ती पळवाट बंद झाली. कुठल्याही नावाखाली मालकाला दिलेली जादा रक्कम आता भावात धरावी लागते. तुमच्या गटातल्या कुणी ऑफरचं पत्र उघडून "भावाचं समर्थन" हा भाग वाचला आहे का, एवढंच विचारा. ते पत्र सेबीच्या संकेतस्थळावर असतं. संशयाला आधार सापडला तर तो पान क्रमांकासह सेबीच्या स्कोअर्स या तक्रार यंत्रणेवर टाकता येतो. अशा एका तक्रारीला चाळीस सह्यांच्या निवेदनापेक्षा जास्त वजन असतं.

आणि ४०० चं काय? तीन वर्षांपूर्वी शेअर तिथे गेला होता, हे खरं. पण खाण कंपनीचा शेअर खनिजाच्या भावाबरोबर झोक्यासारखा वर-खाली जातो, आणि झोका एकदा जिथवर गेला ती उंची म्हणजे त्याची जागा नव्हे. यजमानांना ४० ला पडला म्हणून २८५ आपोआप भरपूर ठरत नाहीत, हेही मुलाला सांगा. दोन्ही आकडे जुने आहेत. आज कंपनीत काय आहे, ते या दोन्हींतून कळत नाही.

ते कळण्यासाठी वार्षिक अहवाल उघडावा लागतो आणि खाण कंपनीच्या बाबतीत त्यात मी आधी पट्टा शोधते. खाणीची जमीन आणि खनिज कंपनीच्या मालकीचं नसतं, सरकारकडून ठरावीक मुदतीचा पट्टा मिळतो. २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि नवे पट्टे लिलावाने, ५० वर्षांसाठी देणं सुरू झालं. जुन्या पट्ट्यांपैकी खुल्या बाजारात खनिज विकणाऱ्यांची मुदत सर्वसाधारणपणे ३१ मार्च २०२० ला संपली, स्वतःच्या कारखान्यासाठी काढणाऱ्यांची ३१ मार्च २०३० ला संपते. ओडिशात २०२० च्या लिलावांत काही पट्ट्यांसाठी खनिजाच्या सरकारी सरासरी विक्री भावाच्या १०० टक्क्यांहून जास्त बोली लागल्या. तुमच्या कंपनीची खाण अशा चढ्या बोलीची असेल तर टनामागे हातात फार थोडं उरतं. जुनी असेल तर पट्टा कधी संपतो हे बघावं लागेल. दुसरं म्हणजे साठा. दरवर्षी खाण रिकामी होते आणि नवा साठा शोधला नाही तर आजचा नफा हा उद्याच्या मालातून काढलेला असतो.

तिसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली आहे. २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की खनिज हक्कांवर कर लावण्याचा अधिकार राज्यांना आहे. पुढच्याच महिन्यात न्यायालयाने १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी मागण्याचीही मुभा दिली, १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत. तुमच्या कंपनीवर असा बोजा आहे का आणि किती, हे अहवालात "संभाव्य देणी" या भागात असायला हवं. ४०० मागणाऱ्याने हे पान आधी वाचलेलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता ते दोन टप्पे.

सध्या जे चाललं आहे ती ओपन ऑफर आहे. समूहाकडे ४५ टक्के करारानेच येत आहेत, म्हणजे कंपनी त्यांच्या ताब्यात गेल्यातच जमा आहे. ऑफरला एकही शेअर आला नाही तरी त्यांचं काही अडत नाही, उलट पैसे वाचतात. (ऑफर किमान ठरावीक शेअर मिळाले तरच, अशा अटीची असेल तर गोष्ट वेगळी, पत्रात ते लिहिलेलं असतं.) इथे "कुणीही द्यायचा नाही" या आंदोलनाने भाव वाढत नाही. समजा कंपनीचे एकूण सहा कोटी शेअर आहेत, तर तुमच्या गटाचे साठ हजार म्हणजे एक टक्क्याचा दहावा भाग. या टप्प्यावर भाव वाढतो तो दुसरा कुणी बोली घेऊन उतरला तर किंवा म्युच्युअल फंड, एलआयसी यांनी उघड नाराजी दाखवली तर. शेअर देण्याची खिडकी, म्हणजे मुदत, उघडण्याच्या आदला कामकाजाचा दिवस सुरू होण्याआधीपर्यंत समूहाला भाव वाढवता येतो.

दुसरा टप्पा कदाचित येईल, कदाचित कधीच येणार नाही. तो म्हणजे कंपनी शेअर बाजारातून काढून घेण्याचा, डिलिस्टिंगचा. तिथे गणित उलटं होतं. ढोबळमानाने समूहाला ९० टक्क्यांपर्यंत पोचावं लागतं. या ऑफरमध्ये पूर्ण २६ टक्के आले तर त्यांच्याकडे ७१ होतील. उरलेल्या २९ पैकी १९ आणखी लागतील, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त शेअर हातात असलेले लोक अडून बसले तर तो भाव चालत नाही. त्याआधी ठरावावर मतदान होतं आणि सामान्य भागधारकांची बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान दुप्पट असावी लागतात. यात मोजली जातात ती पडलेली मतं. बहुतेक छोटे भागधारक ई-मतदानाचा ईमेल उघडतही नाहीत, म्हणून जो उघडतो त्याच्या मताचं वजन वाढतं. तुम्ही विचारलंत ना, किंमत काय? ती इथे आहे.

वेदांताचं उदाहरण खाण व्यवसायातलंच आहे आणि फार जुनं नाही. मे २०२० मध्ये कोरोनाने बाजार पडलेला असताना प्रवर्तकांनी, म्हणजे मूळ मालकांनी, ८७ रुपये ५० पैशांनी सगळे शेअर घेऊन कंपनी बाजारातून काढण्याचा प्रस्ताव आणला. प्रत्येक भागधारकाने आपला भाव सांगायचा, अशी त्या वेळची पद्धत होती. एलआयसीने ३२० सांगितला. सुमारे १३४ कोटी शेअर लागणार होते, पक्के आले ते सव्वाशे कोटींच्या आसपास, आणि ऑक्टोबरमध्ये प्रस्ताव बारगळला. जानेवारी २०२१ मध्ये प्रवर्तक १६० रुपयांची ऐच्छिक ओपन ऑफर घेऊन आले आणि मार्चमध्ये तीच २३५ पर्यंत वाढवली. २०२२-२३ या एका वर्षात त्या कंपनीने शेअरमागे १०१ रुपये ५० पैसे लाभांश वाटला.

हे बिटको चौकात वाचून दाखवलंत तर टाळ्या पडतील. म्हणून दुसरी गोष्टही तिथेच सांगा. २००७ मध्ये गोव्यातल्या सेसा गोवा या लोहखनिज कंपनीचा ५१ टक्के हिस्सा जपानच्या मित्सुईकडून वेदांताने घेतला आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे आणखी २० टक्क्यांसाठी ऑफर आली. त्यानंतर काही वर्षं लोहखनिजाला सोन्याचे दिवस होते. मग २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, आधी राज्य सरकारच्या आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. पुढे मर्यादा घालून सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचं नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा थांबल्या. खाणीच्या धंद्यात माती, पाऊस आणि बाजार यांच्याबरोबर कोर्टाचाही पाऊस पडतो. थांबणाऱ्याने छत्री घेऊनच थांबावं.

थांबण्याबद्दल मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख कुणाच्याच तोंडी नाही. खरेदीदार पोलाद बनवणारा आहे. आजवर कंपनीचा मालक आणि तुम्ही यांचं हित एकच होतं, खनिज महाग विकलं जावं. उद्याच्या मालकाला खनिज त्याच्याच भट्टीत घालायचं आहे. त्याला ते स्वस्त मिळालं तर फायदा पोलाद कंपनीत दिसेल आणि तोटा तुमच्या शेअरमध्ये. समूहातल्या दुसऱ्या कंपनीला कर्ज देणं, ब्रँडच्या नावाने दरवर्षी रक्कम काढणं, हेही याच वाटेने होतं. हे होईलच असं मी म्हणत नाही. सचोटीने चालणारे समूह असतात, आणि समूहातल्याच कंपन्यांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांना भागधारकांची मंजुरी लागते, त्यात संबंधितांना आपल्या बाजूने मत टाकून ते मंजूर करून घेता येत नाहीत. पण म्हणूनच शेअर ठेवणाऱ्याने जागं राहायला हवं. या समूहाच्या ताब्यात आधी आलेल्या कंपन्यांमध्ये छोट्या भागधारकांशी ते कसे वागले, लाभांश चालू राहिला का, समूहातल्या उसनवाऱ्या वाढल्या का, हे तुमच्या गटातल्या एखाद्याने शोधून काढावं. कंपनीच्या स्वतंत्र संचालकांची समिती ऑफरबद्दल आपली शिफारस वर्तमानपत्रात देते, खिडकी उघडण्याच्या किमान दोन कामकाजाचे दिवस आधी. "भाव योग्य वाटतो" एवढंच वाचू नका, कारणं काय दिली आहेत ते वाचा. खनिज कोणत्या भावाने समूहाला विकलं जाणार हा प्रश्न गटाने लेखी विचारावा, कंपनीलाही आणि ऑफर सांभाळणाऱ्या मर्चंट बँकरलाही. निवेदनात ४०० च्या मागणीऐवजी हा प्रश्न आला तर त्याखाली मी स्वतः सही करेन.

आता दुसरा प्रश्न, तुमचा.

मी सेबीकडे नोंदणी असलेली गुंतवणूक सल्लागार नाही, पण एवढं स्पष्ट सांगते: जे पैसे या वर्षात गुडघ्याला लागणार आहेत ते कुठल्याच शेअरमध्ये असू नयेत, आणि खाणीच्या शेअरमध्ये तर नकोतच. ऑपरेशन पुढे ढकलून भावाची वाट बघणं म्हणजे दुखणाऱ्या गुडघ्यावर चाळ बांधणं. तेवढे शेअर विका. उरलेले ठेवायचे की नाही, ते मग निवांत ठरवा, कारण त्याला घाई नाही.

कुठे विकायचे? मुलगा "ऑफरमध्ये देऊन टाक" म्हणतो, पण आज बाजारभाव ऑफरपेक्षा जास्त आहे. शिवाय ऑफर २६ टक्क्यांचीच आहे. मालकांचे ४५ टक्के सोडून उरलेल्या ५५ टक्क्यांतल्या सगळ्यांनी शेअर दिले तर प्रमाणात घेतले जातील, १,००० दिले तर पावणेपाचशेच्या आसपास जातील आणि बाकीचे परत येतील. बाजारात विकले तर सगळे विकले जातात आणि पैसे लगेच येतात. बाजारभाव २८५ च्या खाली गेला तर मात्र ऑफरमध्ये देणं फायद्याचं. एक लक्षात ठेवा, ऑफरमध्ये दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत. खिडकी दहा कामकाजाचे दिवस उघडी असते, पहिल्याच दिवशी देण्याने काही मिळत नाही. शेवटच्या एक-दोन दिवस आधी भाव बघून ठरवावं, फक्त तुमच्या ब्रोकरची वेळेची मर्यादा विचारून ठेवा. ऑफर संपल्यावर भाव अनेकदा उतरतो, कारण ऑफरवर डोळा ठेवून आलेले लोक निघून जातात. थांबणाऱ्याने त्या उताराला घाबरायचं नाही असं आधीच ठरवलेलं बरं.

कराची भीती तुमच्या मुलाने बरीच घातलेली दिसते. एक वर्षाहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे, पण एका आर्थिक वर्षात पहिल्या सव्वा लाखाच्या नफ्यावर नाही. वारशाने आलेल्या शेअरला यजमानांची खरेदी तारीखच धरतात. आणि ३१ जानेवारी २०१८ च्या आधी घेतलेल्या शेअरसाठी नफा ४० रुपयांपासून मोजायचा नसतो, त्या दिवशीच्या बाजारातल्या सर्वांत वरच्या भावापासून मोजायचा असतो. तो भाव १५० होता असं धरून हिशेब करते. ७०० शेअर २९१ ने विकले तर हातात २,०३,७०० येतील, गुडघ्याचा खर्च निघेल. करासाठी नफा धरला जाईल ९८,७००, म्हणजे या वर्षी दुसरा असा नफा नसेल तर कर शून्य. सगळे १,४०० एकाच वर्षात विकले असते तर साधारण साडेनऊ हजार भरावे लागले असते. बाकीचे विकावेसे वाटले तर ३१ मार्चनंतर सव्वा लाखाची सवलत नव्याने सुरू होते. खरा भाव तपासून हे आकडे एकदा करसल्लागाराकडून पक्के करून घ्या.

"नाही विकले तर नंतर नुसता कागद उरेल" ही भीती गटातल्या काहींना आहे असं तुम्ही लिहिता. ऑफर संपली म्हणून शेअर बाजारातून जात नाही. ७५ टक्क्यांपर्यंत हिस्सा ठेवून कंपनी बाजारात राहू शकते, आणि इथे पूर्ण ऑफर यशस्वी झाली तरी समूह ७१ वर थांबतो. पुढे डिलिस्टिंग झालंच तर मागे राहिलेल्यांना त्याच भावाने शेअर देण्यासाठी आणखी एक वर्ष मिळतं.

यजमानांच्या शब्दाबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचून मला माझी आई आठवली. वडिलांच्या मागे तिनेही एका कंपनीचे शेअर असेच जपले. वडील असते तर त्यांनी ते केव्हाच विकले असते हे तिला मी फार उशिरा सांगितलं. तुमच्याबाबतीत तर उत्तर वहीतच आहे, ताई. मुलीच्या अॅडमिशनला पैसे लागले तेव्हा त्यांनी ६०० विकले आणि स्वतःच्या हाताने नोंद केली. विकायचे नाहीत, याचा त्यांच्या लेखी अर्थ उगाच विकायचे नाहीत असा असावा. घरातल्या माणसाची गरज आली तेव्हा त्यांनी क्षणभर विचार केला असेल, पण विकले. त्या ओळीखाली आता तुमची ओळ लिहा: ७०० विकले, गुडघ्यासाठी.

भाऊजींना तोंड दाखवायचं कसं? त्यांच्यावर रागावू नका. मित्राच्या बायकोला कुणी फसवू नये म्हणूनच ते दोनदा घरी आले. त्यांना असं काहीसं म्हणता येईल: "भाऊजी, मी ७०० बाजारात विकतेय, मला ऑपरेशन करायचंय. उरलेले ७०० ठेवतेय. उद्या डिलिस्टिंग आलं किंवा खनिज स्वस्तात विकायचा ठराव आला तर माझं मत तुमच्याबरोबर पडेल. पण कुणीही द्यायचा नाही या ओळीखाली मी सही करणार नाही, कारण आपल्यात कुणाला कशाची गरज आहे ते आपल्याला ठाऊक नाही." गटात तुमच्यासारखे आणखी असतील, कुणाच्या घरी आजारपण असेल, कुणी नातवाची फी भरत असेल. त्यांनाही या वाक्याने हायसं वाटेल.

मत पडायला मात्र ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे. डीमॅट खात्याला यजमानांचा जुना मोबाइल नंबर किंवा मुलाचा ईमेल जोडलेला असेल तर ई-मतदानाची सूचना तुम्हाला कळणारच नाही. हे आधी बदला, नॉमिनीही भरा.

आणि ते ४०० कागदी शेअर. ऑफर, भाव, सही हे सगळं बाजूला ठेवून या आठवड्यात तुम्ही हात घालावा असं हे एक काम आहे. नाव संयुक्त असल्यामुळे वारसा प्रमाणपत्राची भानगड नाही. मृत्यूचा दाखला, तुमचं पॅन, आधार, बँकेचा तपशील आणि केवायसीचे फॉर्म कंपनीच्या रजिस्ट्रारकडे (भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे) पाठवून यजमानांचं नाव वगळून घ्यायचं. १ एप्रिल २०१९ पासून कागदी शेअरची साधी खरेदी-विक्री होत नाही. ओपन ऑफरमध्ये ते देता येतात, पण दिवंगत माणसाचं नाव वर असताना अडकतात. नाव वगळल्यावर हे शेअर डीमॅट खात्यात कसे जमा करायचे, ते रजिस्ट्रारलाच विचारून घ्या. त्याच वेळी या शेअरचा लाभांश शेवटचा कधी जमा झाला ते विचारा. सलग सात वर्षं लाभांश घेतला गेला नाही तर तो आणि शेअर दोन्ही सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. परत मिळतात, पण खेटे घालावे लागतात. चार वर्षं झालीच आहेत.

ऑफर जाहीर झाली की "कागदी शेअर आम्ही ३२० ने घेतो" असे फोन येऊ लागतात. कुणालाही सर्टिफिकेटचा फोटो, सही किंवा ओटीपी देऊ नका.